सणापुरती किल्ली

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक सात शर्ट म्हणालं तरी मी मोजतो, आणि निघताना कुलूप दोनदा ओढून बघतो. सीताबर्डीमागच्या गल्लीत माझी लाँड्री आहे. तिथला इस्त्रीवाला माझ्याच वयाचा. तरुणपणी मारामारीत त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता. शिक्षा पूर्ण भोगून तो सुटला. इस्त्री तुरुंगातच शिकला आणि कॉलर अशी बसवतो की नाव ठेवायला जागा नाही. सकाळी दुकान तोच उघडतो, म्हणून एक किल्ली त्याच्याकडे असते.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, गणपती किंवा निवडणूक जवळ आली की त्याला ठाण्यातून बोलावणं यायचं. जुन्या गुन्ह्यांतल्या माणसांना रांगेत उभं करायचं, फोटो काढायचे, शांततेत राहीन असं लिहून घ्यायचं. तो निमूट जाऊन यायचा. मला मात्र वाटायचं, पोलीस उगाच कशाला बोलावतील? पहिल्याच वर्षी मी म्हटलं, "सण होईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहू दे." तो "बरं भाऊ" म्हणाला. पुढे तशी पद्धतच पडली. सण संपला की मी किल्ली परत द्यायचो, आणि आपण फार न्यायाने वागतो असं मला वाटायचं.

यंदा पोळा तोंडावर आला तरी बोलावणं आलं नाही. मला त्याचाही संशय आला. हा लपवतोय की काय? न राहवून मी ठाण्यात गेलो. तिथला हवालदार हसला.

"त्याचं नाव काढलं न काका यादीतून. नवीन साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत काही केलं नाही त्यानं, काहून बोलावून राहिले त्याले?"

मला खरोखर आनंद झाला. येताना त्याच्यासाठी गरम समोसे घेतले. दुकानात शिरलो तर काउंटरवर किल्ली ठेवलेली.

"ही कशाला?"

"पोळा आला न भाऊ," इस्त्री न थांबवता तो म्हणाला.

"अरे, यादीतून तुझं नाव काढलं."

"मालूम हाय. आठ दिवस झाले."

मला लाज वाटली. मी किल्ली त्याच्यापुढे सरकवली. त्याने शर्टाची घडी घातली, ती गठ्ठ्यावर ठेवली, आणि किल्ली माझ्याकडे परत सरकवली.

"राहू द्या तुमच्यापाशीच, भाऊ. तुमाले झोप लागन."