खडीवाटेवरचा पूल

आर्डिस त्वेट पोस्टातून निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात मोटार भाचीला देऊन तिने हायब्रिड सायकल घेतली. पाठ ताठ ठेवून बसता येईल अशी, मध्यम जाड टायरांची. डांबरावर पळणारी, खडीवर न घसरणारी. बेकरी दोन मैल. भाऊ सेल्मरचं शेत अकरा मैल. आणि महिन्यातून एकदा, जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेल्या खडीवाटेने नदीपलीकडे जाऊन-येऊन चाळीस मैल.

त्या एप्रिलात विस्कॉन्सिनमधलं बर्फ एकदम वितळलं. नदी तपकिरी होऊन झाडंच्या झाडं ओढून नेऊ लागली. पुलावरून जाताना आर्डिसच्या हँडलमध्ये बारीक थरथर आली. आजवर कधी आली नव्हती. ती उतरली, तर थरथर तळपायांना लागली.

तिने वाटेची देखभाल करणाऱ्या कचेरीत फोन केला.

"बाई, त्या पुलाने आगगाड्या पेलल्यात," पलीकडचा माणूस हसला. "तुमच्या सायकलला घाबरेल होय?"

सेल्मरनेही उडवून लावलं. "अगं, सत्तरीला आलीस. हात थरथरतात ते तुझे!"

घरी येऊन ती दोन्ही हात टेबलावर पसरून बराच वेळ बघत बसली.

शनिवारी ती पुन्हा गेली. वारा पडलेला. पुलाखालची कबुतरं गायब. नेहमी सरळ दिसणारा कठडा मध्यावर किंचित खाली गेलेला. तेवढ्यात मागून दहा-बारा सायकलस्वार भरधाव आले. आर्डिसने सायकल वाटेत आडवी टाकली.

"आजी, बाजूला व्हा!"

"नाही होत. जायचं तर माझ्या अंगावरून जा."

एक तरुण कुरकुरत उतरला, फळ्यांवर चार पावलं चालला. फळ्या कण्हल्या. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वीस मिनिटांनी मधला खांब कलला आणि पूल, फारसा आवाज न करता, पाण्यात बसला.

सोमवारी कचेरीतला तो माणूस स्वतः तिच्या दारात आला. आता तो हसत नव्हता. त्या वाटेवर तितकेच जुने आणखी तीन पूल होते. आर्डिस सायकलवर पुढे, तो गाडीतून मागे, प्रत्येक पुलाआधी थांबत. पहिला पूल तिने न थांबता ओलांडला. दुसऱ्याच्या मध्यावर ती थांबली.

"इथेही," ती म्हणाली.