रेतीतली चिवळ

माझी बायको सुभद्रा चालताना कधी वर पाहत नसे. मान खाली, डोळे जमिनीत. अनोळखी माणसाला वाटावं, बाईचं काही हरपलं आहे. एकदा कारंज्याला भाचीचं लग्न होतं. लांबून धुरळा उडवत एसटी येत होती, मी हात वर करून उभा, आणि ही नव्या साडीसकट नाल्याच्या रेतीत फतकल मारून बसलेली. गाडी निघून गेली. मी खवळलो, तर ओटीतला मूठभर पाला दाखवून म्हणते, "आवो, गाडी मांगून दुसरी येते. हे उद्या बकरी खाऊन जाईन." लग्न लागून गेल्यावर पोहोचलो. ओटीत चिवळ घेऊन.

चिवळ म्हणजे रेताड जागी जमिनीला चिकटून पसरणारी आंबटसर रानभाजी. पान तांदळाच्या दाण्याएवढं. मी चौथी शिकलेला माणूस, मला हिरवं ते सगळं सारखं. तिला तेवढीही शाळा नव्हती, पण हिरव्यात तिने इतके भेद करून ठेवले होते की ऐकून डोकं उठावं. जाड, मोठ्या पानाची ती घोळ. चिवळीसारखी दिसते, पण चिवळ नव्हे. गुलाबी फुलाची, फार केसाळ, ती कुठून तरी बाहेरून आलेली, खायची नाही. पिवळ्या फुलाची, पेरापेराशी पांढरी लव असलेली, ती खरी. त्यातही लाल देठाची आंबट, हिरव्या देठाची पिचपिचीत. आणि दुधी नावाचं तण वरून अगदी चिवळीसारखं, पण मोडलं की पांढरा, पोटाला बाधणारा चीक. "मोडून पाह्यल्याबिगर ओटीत टाकाची नाही," हे मी चाळीस वर्षं ऐकलं. मी म्हणायचो, "मले कायले सांगतं? तू हायेस ना."

एकदा कॉलेजातले एक सर पोरींना घेऊन नाल्यावर आले. हातात भिंग. ते म्हणाले, "मावशी, घोळ काय, चिवळ काय, एकाच कुळातल्या." ही म्हणाली, "हो बापा. मी अन् माही ननंद बी एकाच घरातल्या. तिच्या हातचं खाऊन पाह्य, मंग समजते." ननंद म्हणजे माझी सख्खी बहीण! पोरी खिदळल्या. सरांनी वहीत एक लांबलचक नाव लिहिलं. हिने विचारलं, "याच्यात भाजी कशी करा लागते ते लिवलं का?" नाही म्हटल्यावर सगळ्यांना घरी आणलं. सात पाण्यांतून धुतलेली चिवळ, त्यात मुगाची डाळ, वरून लसणाची फोडणी. एवढं धुऊनही दाताखाली रेती कचकचायचीच. मी ताट सरकवून म्हणायचो, "रेतीच खाऊ घाल मले." ती म्हणायची, "मंग तोंड धुऊन या, भाजी काहून सोडता?"

दोन वर्षांपूर्वी वैशाखात तिने अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, खाईल ते द्या. एका सकाळी म्हणाली, "चिवळ खाव वाटते."

मी आणली. तिने पडल्या पडल्या एक काडी मोडली. पांढरा थेंब आला. "दुधी हाये. लवकर मोकळे व्हाले पाहता काय?" म्हणत हसली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी घोळ नेली. "पेराशी लव पाहा म्हणलं तं तुमी पाह्यतच नाही." मी घरातून तणतणत बाहेर पडलो. तिच्यावर चिडलो, दुखण्यावर चिडलो. चाळीस वर्षं ताटातली भाजी खाल्ली आणि रेतीतली एकदाही पाहिली नाही, म्हणून स्वतःवर सगळ्यात जास्त.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रेतीत गुडघे टेकले. एकेक काडी मोडली. चीक नाही. लव आहे. देठ लाल. फूल पिवळं. जिभेला लावली, आंबट. नाल्याच्या वळणावर चटईएवढा तुकडा पसरला होता. मी हरखलो आणि दोन्ही हातांनी सगळाच्या सगळा उपटून दुपट्ट्यात भरला.

तिने पाहिलं. चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मुळासकट उपटली? सगळी?"

ती जन्मभर पेराच्या वर नखाने खुडत आली होती. तेही मी कधी पाहिलं नव्हतं.

"पुढल्या साली काय खासान?"

"पुढल्या सालचं पुढं पाहू वं."

"मी नसन ना तवा." आमच्या घरात हे कुणी अजून तोंडाने बोललं नव्हतं. मग उठून बसली, मुळं वेगळी केली, ओल्या फडक्यात गुंडाळली. "हे रेतीत खोसून या."

"उपटलेलं जगते का कुठं?"

"हे मरत नाही. उन्हात पडलं तरी धरते. जा."

तिला सोडून, उन्हात, मेलेली मुळं पेरायला! मनातल्या मनात शिव्या देत गेलो आणि कशीतरी खोसून आलो. तोवर सुनेने भाजी केली होती. सुभद्रेने दोन घास खाल्ले. "रेती राह्यली थोडी," म्हणाली. आठ दिवसांनी गेली.

गेल्या वर्षी मी नाल्याकडे फिरकलो नाही. या वर्षी सून म्हणाली, "मामाजी, चिवळ आणता का?" मी वसकन् म्हणालो, "बाजारातून आण." आणि तासाभराने निघालो.

वळणावर चिवळ होती. दोन चटयांएवढी. मोडून पाहिली, पेर पाहिलं. तीच. मला इतका राग आला, तिथेच उभं राहून त्या चिवळीला मोठ्याने शिव्या घातल्या. बोटाएवढी वनस्पती. उपटली, सुकली, धड खोसलीही नाही, आणि ही जगली. जिला आम्ही सगळ्यांनी हातावर झेललं होतं, ती नाही.

मग बसलो. पेराच्या वर नखाने खुडू लागलो. फार वेळ लागतो. रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. गडी रेतीत उतरून जवळ आला. "काय हरपलं, बाबा?"

"काही नाही, चिवळ खुडून राह्यलो," मी म्हणालो. "अन् पाय काढ तिथून. तिच्यावर उभा हायेस तू."