अँटेना आणि बोअरची गाडी

मी फोनवर बोलत होते आणि कुणीतरी माझ्या बुटांभोवती चुन्याचा गोल काढत होतं.

वाकून पाहिलं तर सत्तरीचे एक गृहस्थ. धोतर, कपाळावर विभूती. गोल पुरा करून ते उठले, हात झटकले आणि मागे जमलेल्या माणसांना म्हणाले, "हितंच. ताई लई येळ हितंच थांबल्यात."

मी मोबाइल कंपनीत आरएफ इंजिनियर आहे. टॉवर आणि तुमचा फोन यांच्यामध्ये हवेतून जे जातं-येतं, ते सांभाळायचं माझं काम. ऑफिस कलबुर्गीला. मंठाळजवळच्या या गावाची तक्रार चमत्कारिक होती. फोनवर काड्या पूर्ण, पण कॉल लागत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. लोक रिकाम्या पिशव्या घेऊन घरी परतत होते.

काड्या दिसतात म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, एवढंच. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातोय का, हे काड्या सांगत नाहीत. टॉवर मोठ्याने बोलतो, फोन बिचारा कुजबुजतो. त्या वेळी टॉवरच्या कानाशी कुणी शिट्टी फुंकत बसलं तर कुजबुज ऐकू येणार कशी? याला आम्ही अपलिंक इंटरफिअरन्स म्हणतो. शिट्टी कोण वाजवतंय ते शोधायला मी आले होते.

त्यासाठी माझ्याकडे यागी अँटेना होता. पूर्वी टीव्हीसाठी घराच्या छपरावर असायचा ना, माशाच्या काट्यासारखा, तोच प्रकार. ज्या दिशेला त्याचं तोंड, तिकडचं त्याला जास्त ऐकू येतं. तो हातात धरून सावकाश गोल फिरायचं आणि गळ्यातल्या मशीनच्या पडद्यावर सिग्नल कुठे चढतो ते बघायचं. मधेच आडवा धरायचा, मधेच उभा, कारण लहर ज्या अंगाने डोलत येते त्याच अंगाने अँटेना धरला तर ती नीट पकडता येते. गल्लीत लहरी पत्र्यांवर आपटून भलतीकडूनच आल्यासारख्या वाटतात, म्हणून मी मोकळ्या शेतात आले होते. हे सगळं लांबून कसं दिसत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"अप्पा, मी पाणी शोधत नाहीये."

"मग काय शोधायलाव?" त्यांचं नाव शरणप्पा. शेत त्यांचंच.

"लहरी."

"पाण्याच्याच की!"

"हवेतल्या. त्या डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग जमिनीतलं पाणी कुटं दिसतंय?" शरणप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले. "आमचा पाणाड्या हातावर नारळ घिऊन फिरतो. तुमी मशीन घिऊन फिरायलाव. तेवढाच फरक."

पाणाड्या उदगीरला लग्नाला जाऊन बसला होता. आधीचं बोअर कोरडं गेलेलं. आणि आजची गाडी बांधावर येऊन उभी होती. ड्रायव्हर घाई करत होता.

दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावलेल्या फोनवर अजून आमचे मॅनेजर हिरेमठ सर होते. "कसला आरडाओरडा?"

"सर, इथे मला पाणाड्या समजलेत."

"समजू दे. संध्याकाळपर्यंत तक्रार बंद झाली पाहिजे. उद्या बेंगळुरूहून मला फोन नकोय."

मी गोलातून बाहेर आले. मागे नारळ फुटल्याचा आवाज आला.

वेशीपाशी एक दिशा मी आधीच घेतली होती, शेतातून दुसरी मिळाली. नकाशावर दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे मल्लिनाथ अण्णाचं किराणा दुकान होतं. नेटवर्क नाही म्हणून मंठाळला जाऊन कंपनीला सगळ्यात जास्त फोन याच अण्णाने केले होते.

"अण्णा, तुमच्याकडे बूस्टर आहे का?"

"हाय की," अण्णा अभिमानाने म्हणाला. "नेटवर्क बरं यावं म्हणून लावलो. तर अजूनच गेलं. मग दुसरं लावलो."

छपरावर एक अँटेना, दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यावर दुसरा. मधे फक्त पत्रा. बाहेरचा अँटेना सोडेल ते आतला पकडायचा, बूस्टर ते मोठं करून परत बाहेर सोडायचं. स्पीकरसमोर माइक धरला की कुंईऽऽ होतं, तसंच. फरक इतकाच की ही कुंई माणसाला ऐकू येत नाही. टॉवरला येते. आणि इथे एक नाही, दोन कुंया चालल्या होत्या.

परवानगीशिवाय बूस्टर लावता येत नाही, हे मी समजावून सांगितलं. अण्णाने तोंड पाडून दोन्ही प्लग काढले. मिनिटभरात सरांचा फोन. "शाब्बास! टॉवर एकदम शांत झाला." रेशन दुकानात पहिला अंगठा उठला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गाडीत बसणार, तेवढ्यात शरणप्पा धापा टाकत आले. "ताई, तुमी काय बंद केलाव?"

"बूस्टर. का?"

"नुसती धूळ निघायलीय. तुमी लहरी बंद केल्यावर पाणी कसं येईल? पाणी लागंपर्यंत चालू ठिवा की जरा."

"अप्पा, बूस्टरचा आणि पाण्याचा काही संबंध नाही!"

"मग बंद कामून केलाव?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांना पटेल असं नव्हतं. मी चालू करायला नाहीच म्हटलं. शरणप्पा शेताकडे वळले. त्यांचा चेहरा बघवेना.

थोड्या वेळाने सरांचा फोन. "अगं, टॉवरवरचा गोंगाट परत चढला! काय केलंस तू?"

मी तोंड उघडणार, तोच शेतातून आरोळी आली. "नीर बंतु! पाणी लागलं, पाणी!"

मी दुकानात धावले. मल्लिनाथ अण्णा प्लगवर हात ठेवून बसला होता. "ताई, आमचा अप्पा हाय. तोंड बघवलं न्हाई. जरासंच चालू केलो."

पाणी तिथे खडकात होतंच, ड्रिल तिथपर्यंत पोचलं एवढंच, हे मी सगळ्यांना परोपरीने सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, मला शेंगाची पोळी वाढली आणि माझ्या बोलण्यातला एक शब्दही मानला नाही. अण्णाने मात्र दोन्ही बूस्टर काढून आपल्या हाताने माझ्या गाडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते मी सरांच्या टेबलावर ठेवले. सर एम.टेक. आहेत, तेही अँटेनामध्ये. सगळं ऐकून ते पोट धरून हसले. मग उठून केबिनचं दार लावून आले.

"एक विचारू? रिंग रोडला माझा प्लॉट आहे. रविवारी बोअरची गाडी येतेय."

"सर!"

"तसं काही नाही गं. पण तेवढ्यापुरतं एक बूस्टर चालू ठेवायला काय जातं?"

मी कात्रीने दोन्ही बूस्टरच्या वायरी कापल्या आणि ते त्यांच्या हातात दिले. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे एम.टेक. झालेल्यालाही शिकवावं लागतं. आणि शिकवण्यापेक्षा वायर कापणं सोपं पडतं.