डाव्या कानाची वायर

"चपला बाहेर काढा," असे मी कानवाल्या बाईंना बजावले, तेव्हा त्या माझ्या नातीला कुटाराखालून ओढायला धावत होत्या. चार वर्षांची गुड्डी मांजरीची पिल्ले बघायला कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, खोलीत शिरली होती आणि सोयाबीनच्या कुटाराचा ढीग तिच्यावर घसरला होता. मी दहा पावलांवर ओसरीत तूर निवडत बसले होते. तिचे "आजी, आजी" बाईंना फाटकाबाहेर ऐकू आले. मला फक्त बाईंच्या चपला दिसल्या.

बाईंनी तिला बाहेर काढले, नाकातोंडातले कुटार बोटाने काढले, पाठीवर थापट्या मारल्या. ती भोकाड पसरून रडली, तेव्हा कुठे मला ऐकू आले.

बाई दवाखान्यातून कान तपासायला कामरगावकडे येत, स्कूटरला पेटी बांधून. बहिऱ्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात, बाई मात्र हळू बोलत. "वरडल्यानं आवाज मोठा होते, साफ होत नाही," म्हणत. बोलता बोलता मधेच फाइल तोंडापुढे धरत. समोरचा गोंधळला की समजायचे, हा ऐकत नव्हता, ओठ बघत होता.

गुड्डी कुटाराखाली सापडली त्याच्या दोन दिवस आधी शाळेत तपासणी होती. सून म्हणाली होती, "आई, तपासून या. कान खराब निंगाले तर गुड्डीले मी संग वावरात नेईन." मी चौथी पास. परीक्षा म्हटली की पास व्हायचे, एवढेच मला माहीत. बाईंनी माझ्या कानांवर यंत्र चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. समोर काचेचे कपाट होते. त्यात बाईंचा हात दिसे. अंगठा हलला की मी बटण दाबी.

"काकू, वीस वर्षांच्या पोरीचे कान हायेत तुमचे," बाई म्हणाल्या. मी ते गावभर सांगितले. सुनेला दोनदा सांगितले.

गुड्डी शांत झाल्यावर बाईंनी येण्याचे कारण सांगितले. "काकू, त्या दिवशी पेटी आवरताना पाह्यलं, डाव्या कानाची वायर लागलीच नव्हती. डाव्या बाजूनं काही आवाजच नव्हता. तुमी डाव्यातही पास."

"लागली असन अर्धी," मी म्हणाले.

"अर्धी लागत नसते, काकू."

मग मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि पुन्हा तपासले. कागदावर रेघ काढली. ती थोडी सरळ गेली आणि मग घराच्या पत्र्यासारखी उतरली.

"वय झालं का बारीक आवाज आधी जातेत," बाई म्हणाल्या. "ट्रॅक्टर तुमाले मरेपर्यंत ऐकू येईन. लेकरू नाही येणार."

"मले सगळं ऐकू येते. सूनच तोंडातल्या तोंडात बोलते."

"सून बराबर बोलते. तुमचा कान तिची अर्धी अक्षरं गाळते."

जाताना म्हणाल्या, "वायरचं मी नाही सांगत कोणाले. तुमी सांगा."

बाई गप्प राहणार म्हटल्यावर मीही गप्प राहायचे ठरवले. पण सून वावरातून आली, गुड्डीची वेणी घालायला बसली, आणि केसांतून कुटार निघतच राहिले. मी सांगून टाकले. दुसऱ्या दिवसापासून सून गुड्डीला वावरात नेऊ लागली.

बाईंनी मला कानाचे मशीन बसवून दिले. पहिल्या दिवशी माझ्याच चावण्याचा आवाज ऐकून मी अर्ध्या जेवणावरून उठले आणि मशीन डबीत ठेवले. बाई दर आठवड्याला बघायला येत. म्हणाल्या, "डबीत ठेवसान तर डबी ऐकन, तुमी नाही." हे त्या सुनेसमोर म्हणाल्या. मग मी मशीन कानातून काढले नाही.

कापूस वेचून होत आला होता. एका सकाळी सून माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. हळूच म्हणाली, "गुड्डीले आज घरी ठेवू काय?"

"ठेव," मी म्हणाले.

ही पाठ फिरवायची युक्ती तिला बाईंनीच शिकवली होती, हे मला नंतर कळले.

पुढे बाईंची बदली झाली. गुड्डी आता तिसरीत आहे. आजी घरी होती म्हणून नात वाचली, असे गावात कोणी कोणी म्हणते. आजी घरी होती, एवढे खरे. वाचली ती कानवाल्या बाईंमुळे.