नॉर्वेला जाणाऱ्यांसाठी चौदा पानं

डॅलसजवळच्या फ्रिस्कोतली मराठी मंडळी मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. गणपतीची साउंड सिस्टिम वर्षभर माझ्या गराजमध्ये असते, आणि कुणाला नॉर्वेला जायचं असेल तर मला फोन येतो. मी नॉर्वेला एकदाच गेलो होतो, तेही नऊ दिवस. पण परत आल्यावर चौदा पानांचं एक डॉक्युमेंट लिहिलं, आणि एवढं लिहिलं म्हटल्यावर ते लोकांना देणं आलंच. बायको म्हणते, या माणसासमोर नुसतं 'ऑस्लो' म्हणू नका, पानातलं वरण गार होईल.

डॉक्युमेंट चांगलं आहे हो, उगाच नम्रता कशाला. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करून टाकतो; टोपीवाला रेनकोट घ्या. जूनमध्येही आतून घालायचे लोकरीचे कपडे न्या, टेक्ससची थंडी ही काही थंडी नव्हे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, नळाचं पाणी प्या. कुणाच्या घरी गेलात तर बूट दाराशी काढायचे, हे आपल्या लोकांना सांगायला नकोच. बसमध्ये शेजारच्याला 'मूळचे कुठले तुम्ही?' विचारू नका, बिचारा पुढच्या स्टॉपला उतरेल. तूप, पेढे, चीज काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. उत्तरेकडे जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायला पट्टी हवी, कारण उन्हाळ्यात तिथे सूर्यच मावळत नाही. आणि पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, पहिली ओळ: व्हिसा लागत नाही. पासपोर्ट घ्या आणि निघा.

एका वर्षी डिसेंबरात आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. आई शाळेत भूगोल शिकवायची. तीस-बत्तीस वर्षं तिने एक टॉर्च आणि एक पोचे आलेला पृथ्वीचा गोल घेऊन पोरांना सांगितलं, की नॉर्वेच्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. एकदा एका मुलीने विचारलं होतं, बाई, तुम्ही पाहिलाय का? आईने खरं काय ते सांगितलं, नाही पाहिला. हे ती मला लहानपणापासून सांगत आली, तक्रार म्हणून कधीच नाही. पण मी फोनवर कुणाला नॉर्वे समजावून सांगत असलो, की ती हातातलं काम ठेवून ऐकत बसायची.

मग मीच ठरवलं. जूनमध्ये मी, बायको, मुलगी आणि आई, चौघांनी जायचं. नऊ दिवस नॉर्वे, आणि तिथूनच तिला नागपूरला पाठवायचं. ती चौऱ्याहत्तरची, गुडघे कुरकुर करायला लागलेले. पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय? सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की स्वेटर मी घरून आणलाय. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती संध्याकाळी सोसायटीच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागली. आधी एक, मग दोन, मे महिन्यात चार. फ्रिस्कोच्या मे महिन्यात कुत्रीसुद्धा बाहेर पडायला कुरकुरतात, पण ही आपली पायात शूज घालून तयार.

मे महिन्याच्या मध्यावर, एका रविवारी दुपारी, ऑफिसातलं एक तरुण जोडपं सल्ला घ्यायला आलं. दोघंही पुण्याचे, वर्क व्हिसावर. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून पान नंबर एकपासून सुरुवात केली. आई शेजारी भेंडी पुसत बसली होती. त्या जोडप्यातली मुलगी हसून म्हणाली, की काका, ही पहिली ओळ आमच्यासाठी नाही ना, आमचे इंडियन पासपोर्ट आहेत, आम्हाला युरोपचा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. मी म्हटलं, हो हो, ते बदलायचंय. मग ती आईकडे वळली आणि अगदी सहज विचारलं, "आजींचा व्हिसा कुठून केलात? व्हिजिटर म्हणून आलेल्यांना इथून सहसा देत नाहीत ना?"

मी लॅपटॉप मिटला. माझ्या आयुष्यात नॉर्वेचं बोलणं मी पहिल्याच पानावर संपवलं असा तो एकच प्रसंग.

कसं विसरलो, ते सांगतो, पण ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही. आम्ही तिघं अमेरिकन नागरिक. मुलगी इथेच जन्मली, आम्ही दोघांनी मागाहून शपथ घेतली. व्हिसा, स्टॅम्पिंग, अपॉइंटमेंट, रांगा, हे सगळं आमच्या घरातून गेलं आणि ते गेलं याचा मला इतका आनंद झाला की मी ते डोक्यातूनही काढून टाकलं. चार पासपोर्ट एका ड्रॉवरमध्ये ठेवलेले. चारही गडद निळे. तिकिटं काढताना मी चारही नंबर एकापाठोपाठ टाइप केले, आईचाही. हाताने टाइप केला आणि तरी दिसलं नाही.

सोमवारी दूतावासात, व्हिसा सेंटरवर फोनाफोनी केली. सगळीकडून तेच, अगदी गोड आवाजात: आईंनी त्या राहतात त्या देशातून अर्ज करावा. बायको फारसं बोलली नाही, नुसतं "लोकां सांगे ब्रह्मज्ञान" म्हणून थांबली. उरलेलं अर्धं मला पाठ आहे. मुलीला मात्र थांबायचं कारण नव्हतं. "डॅड, यू फरगॉट आजी?" ती म्हणाली. मी तिला सांगायला गेलो, की आजीला नाही, आजीच्या व्हिसाला. ती खांदे उडवून वर निघून गेली.

आईला सांगायला गेलो तेव्हा ती बॅग भरत होती. ऐकून घेतलं, स्वेटर बाहेर काढला, परत घडी केली. म्हणाली, की तुम्ही तिघं जाऊन या, पोरीची सुट्टी वाया घालवू नका, मला सरळ नागपूरच्या विमानात बसवा. मी चिडलो. स्वतःवर चिडलो होतो, पण आवाज तिच्यावर चढला. असं कसं जाऊ आम्ही, तुला सोडून जाऊ का, वगैरे वगैरे. तिने मला पूर्ण बोलू दिलं, वर्गात देत असेल तसं.

मग म्हणाली, "ओरडून काय राहिला? एवढं लिहिलं तू सगळ्यांसाठी. त्यात माझं पान नव्हतं, एवढंच झालं."

मला रडू आलं. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, गेस्ट रूमच्या कार्पेटवर बसून रडलो. आईने पाठीवर हात ठेवला आणि भाजीला मीठ घालायचं राहिलंय म्हणून उठून गेली.

ट्रिप कॅन्सल केली. आई जूनमध्ये नागपूरला गेली, आणि तिथे जाऊन तिने तळ्याऐवजी कॉलनीतल्या बागेला फेऱ्या घालायला सुरुवात केली. मी इकडे पंधरावं पान लिहिलं. ज्यांचे आईवडील भारतीय पासपोर्टवर येतात त्यांच्यासाठी: अर्ज कुठून, कधी, कोणते कागद. पहिल्या पानावरची ती ठळक ओळ काढून टाकली. आईसाठी आमंत्रणाचं पत्रही लिहिलं. 'या माझ्या आई आहेत. त्या भारताच्या नागरिक आहेत. मी अमेरिकेचा नागरिक आहे.' अशी तीन वाक्यं एकाखाली एक मी कधी लिहिली नव्हती. लिहिताना बरं वाटलं नाही.

पुढच्या एप्रिलात आई मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली. ठसे तीनदा घ्यावे लागले, उमटतच नव्हते. तिने तिथल्या मुलाला सांगितलं म्हणे, की बाळा, खडूने झिजलीत. पंधरा दिवसांनी व्हिसाचा फोटो पाठवला, त्यात अर्धा तिचा अंगठा.

आता तिकिटं. माझ्या डॉक्युमेंटात स्पष्ट लिहिलंय, की अमेरिकेहून दोहामार्गे ऑस्लोला जाणं म्हणजे शुद्ध द्राविडी प्राणायाम, समोरचं घर सोडून अख्ख्या गावाला वळसा. आम्ही तसेच गेलो. आई नागपूरहून दोहाला, आम्ही डॅलसहून दोहाला, आणि तिथून चौघं एका विमानात. बायकोने एकदाही टोमणा मारला नाही. दोहाला आई गेटसमोर दोन खुर्च्यांवर पाय पसरून बसली होती आणि कुण्या केरळी बाईला, मूळची कुठली वगैरे, सगळं विचारून झालं होतं.

सूर्य दिसला का, हे सगळे विचारतात. दिसला. उत्तरेला पोचल्यावर दोन दिवस ढग होते, मी दर तासाला खिडकीशी. तिसऱ्या रात्री साडेबाराला समुद्रावर लख्ख ऊन पडलं, आणि आई स्वेटरवर माझं जॅकेट चढवून तासभर उभी राहिली. खूप खूश होती. मीही होतो.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ऑस्लोच्या विमानतळावरचं. डॅलसला आई येते तेव्हा तिची रांग वेगळी, व्हिजिटर्सची. एका वर्षी आम्ही तिला भारतातून बरोबर आणलं होतं, तर आम्ही पाच मिनिटांत पलीकडे, आणि ती काचेपलीकडे तासभर, पर्स छातीशी धरून. ऑस्लोला दोनच रांगा होत्या, एक युरोपवाल्यांची आणि एक बाकी सगळ्यांची. आम्ही चौघं बाकी सगळ्यांत. व्हीलचेअर तिने विमानाच्या दारातच परत पाठवली, बसून बसून कंबर धरली म्हणून.

आमचा नंबर आला. मी फाइल घेऊन पुढे सरसावलो. आमंत्रणपत्र, बुकिंग, इन्शुरन्स, सगळं टॅब लावून, कारण व्हिसा असला तरी काउंटरवर कुणी काही विचारू शकतं आणि वर्षभर मला त्याचीच धास्ती होती. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने चारही पासपोर्ट घेतले, आमचे तीन बघून बाजूला ठेवले आणि आईचा उघडला. किती दिवस राहणार, कुठे कुठे जाणार, तिने आईलाच विचारलं. आईने एकेक गावाचं नाव सांगितलं, शाळेत नकाशावर सांगायची तसं, खालून वर.

मग त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या फाइलीकडे पाहिलं, आणि आईला विचारलं, की हे गृहस्थ कोण, तुम्ही एकत्र आहात का. मी तोंड उघडलं होतं. आईने माझ्या दंडावर हात ठेवला.

"येस," ती म्हणाली, "ही इज विथ मी."