उरलेल्या उबेतले रुमाल

टेकडीवरच्या तीन दिवसांच्या प्रार्थना-शिबिराहून इस्त्रीवाल्या बाई परतल्या, तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. शेवटच्या सकाळी गाता गाता त्यांना रडू फुटलं होतं आणि प्रभू अगदी शेजारी उभा आहे असं वाटलं होतं. तिथेच त्यांनी ठरवलं, सासूबाईंना वृद्धाश्रमात धाडायचं नाही आणि त्यांच्यावर पुन्हा आवाज चढवायचा नाही. नणंदेला तसं कळवूनही टाकलं. नणंद पक्की व्यवहारी. "वहिनी, सोमवार तर उजाडू दे," म्हणाली.

सोमवार उजाडला. सासूबाईंना गेली दोन वर्षं माणसं ओळखू येत नाहीत. सुनेला "चोरटी" म्हणत त्यांनी दुधाची वाटी भिरकावली, ती नेमकी डॉक्टरांच्या इस्त्री केलेल्या कोटांवर. बाई अशा कडाडल्या की पलीकडच्या तीन घरांत ऐकू गेलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. तीन दिवस भेटलेला देव सोमवारचे तीन तासही टिकला नाही. दुपारी नणंदेला वृद्धाश्रमासाठी होकार कळवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कोट पुन्हा धुतले, वाळवले, इस्त्री केले. राहिले फक्त रुमाल.

"बटण बंद कर गं," कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. याच टेबलाशी त्यांनी चाळीस वर्षं इस्त्री केली होती.

"आई, रुमाल राहिलेत अजून."

"रुमालांना कशाला एवढी आग? जळतील. कोटांसाठी तापवलीस ना? उरलेल्या उबेत होतात."

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला हे शिकवलं होतं. सून रोज तसंच करायची. आज रागाच्या भरात विसरली होती. बाईंनी बटण बंद केलं. अकरा रुमाल झाले, तरी इस्त्री इतकी गरम होती की हात लाववत नव्हता. टेकडीवरून आणलेलंही एका ओरडण्याने सगळं निवालं नसेल, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात नणंदेचाच फोन आला. "काय वहिनी, कसा गेला सोमवार?"

"ओरडले मी आईंवर."

"मग, पाठवायचं?"

"नाही. उद्याही ओरडेन कदाचित. पण आई इथेच राहतील."

"कुणाशी बोलतेस गं, चोरटे?" सासूबाईंनी दरडावलं.

"तुमच्या लेकीशी," म्हणत बाईंनी त्यांच्या मांडीवर बारावा रुमाल ठेवला. सासूबाईंनी त्याची टोकाला टोक जुळवून घडी घातली.