खिशात मावणारा, लांबचं दाखवणारा

बाबांना कॅमेरा घ्यायचा होता, आणि तोही लांबचं जवळ ओढून दाखवणारा. वाढदिवस नव्हता, सहल ठरली नव्हती, घरात कार्य नव्हतं. एका रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते म्हणाले, "एक झूमवाला क्यामेरा घिऊ. खिशात बसंल असा." मला हसू आलं. आमच्या बाबांनी मोबाइलमधून आजवर एक धड फोटो काढलेला नाही. नातीच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंत नात सोडून सगळं आलं होतं.

मी त्यांची एकुलती मुलगी. आई गेल्यापासून ते आमच्याकडे चऱ्होलीत राहतात, नवव्या मजल्यावर. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टप्रमाणे येतो-जातो. माझं ऑफिस तळवड्याला, पण निम्मे दिवस मी घरूनच काम करते. मुलगी दुसरीत आहे. तिला शाळेत सोडणं आणि आणणं हे बाबांचं काम, आणि खरं सांगायचं तर आमचं घर त्या कामावरच चालायचं. शाळा मोशीच्या बाजूला. मधे तो मोठा रस्ता लागतो, जिथून चाकणकडे जाणारे ट्रेलर आणि बिल्डरांचे डंपर दिवसभर सुसाट जात असतात. बाबांची स्कूटर तो रस्ता रोज ओलांडायची, मागे नात बसलेली, आणि मी घरात लॅपटॉपसमोर निर्धास्त.

निर्धास्त असण्याचं कारण म्हणजे बाबांचे डोळे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. तिथे माणसाची नजर व्हर्निअरवर ठरायची. मोजपट्टीवरची ती केसाएवढी रेघ ज्याला बिनचष्म्याची वाचता येते, त्याचे डोळे चांगले, बाकीच्यांचे गेले. पन्नाशीत बाबांना वाचायचा चष्मा लागला तेव्हा त्यांना ते जिव्हारी लागलं होतं. आणि मग एक-दोन वर्षांपूर्वी तो चष्मा आपोआप सुटला. पेपर बिनचष्म्याचा, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं बिनचष्म्याची. घरी कोणी आलं की बाबा कपाटातून जुना व्हर्निअर काढायचे, पाहुण्याचं बोट त्यात धरायचे आणि जाडी वाचून दाखवायचे. आम्हीही कौतुकानं सांगत सुटलो होतो की या वयात बाबांची नजर परत आली. आमच्याकडे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नातेवाइकांनी तर ते रोज गाजर खातात का म्हणून विचारलं.

दिघीकडची टेकडी आमच्या बाल्कनीतून दिसते. बाबा सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचे आणि म्हणायचे, "टेकडी दिसत न्हाई हल्ली. धूळ लई झालीया." ते खरंच होतं. चारी बाजूंनी इमारती चढतायत, सिमेंटचे मिक्सर फिरतायत, धुण्याच्या दोरीवर रोज धुळीचा थर बसतो. मी बिल्डरांना दोन शिव्या घालून आत यायची. एकदा मात्र रात्रभर वारं सुटलं होतं आणि सकाळी टेकडी इतकी लख्ख दिसत होती की वरच्या देवळाची पायरी न् पायरी मोजावी. बाबा माझ्या शेजारीच उभे होते. "आज तर कायबी दिसंना," ते म्हणाले. मला वाटलं, सवयीनं बोलले, नीट बघितलंच नसेल.

तर कॅमेरा. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आठवडाभर इंटरनेट उपसलं. त्यात एवढं कळलं की मोबाइलमधला झूम ही बहुतेक वेळा शुद्ध फसवणूक असते, आहे तेच चित्र ताणून मोठं करतात. खरा झूम भिंगाचा. पण लांब भिंग म्हणजे मोठं धूड, आणि खिशात मावेल अशा कॅमेऱ्यात एवढं लांब भिंग बसवायचं तर उजेड कमी पडतो, हात जरा हलला की चित्र हलतं. काहीतरी सोडावं लागतंच. मी बाबांना विचारलं, "फोटो काढायचेत कशाचे, ते तरी सांगा. पक्ष्यांचे?" ते म्हणाले, "फोटूचं बघू. बघायला पायजे." बघायला म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला मीटिंग होती.

असले कॅमेरे आता नवीन फारसे मिळत नाहीत, म्हणून आम्ही पिंपरीच्या बाजारात एका जुन्या-नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जायचं ठरवलं. शनिवारी बाबांच्याच स्कूटरवर निघालो. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या मागे बसले होते. ते हळू चालवत होते, पण भलत्याच पद्धतीनं. एका सिटी बसच्या मागे चिकटले ते सोडेचनात. बस थांबली की हे थांबणार, बस निघाली की हे निघणार, बसचा धूर आमच्या तोंडावर. "ओव्हरटेक करा की," मी म्हटलं. "घाई काय हाय?" ते म्हणाले. पुढे बस डेपोकडे वळली आणि त्यांनी स्कूटर इतकी हळू केली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. एका गतिरोधकावर आम्ही दोघंही सीटवरून उडालो. रस्ता ओलांडणारा एक माणूस बोनेटवर हात आपटावा तसा आमच्या आरशावर हात आपटून काहीतरी बोलून गेला. मी चिडले. "बाबा, लक्ष कुठंय तुमचं?" त्यांची मान ताठ होती आणि शर्ट पाठीवर घामानं भिजला होता. डिसेंबरात.

दुकानदार मुसलमान, माझ्यापेक्षा थोडा मोठा. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडल्यावर त्यानं हे दुकान टाकलेलं. "असल्या कॅमेऱ्यांची जात आता संपत आली, ताई," तो म्हणाला, "मोबाइलनं खाल्ली." त्यानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. पहिल्याचा झूम सगळ्यांत लांब, पण विटेएवढा, गळ्यातच घालायचा. दुसरा साबणाच्या वडीएवढा, पण झूम बेताचा. तिसरा मधला. शर्टाच्या खिशात जेमतेम मावणारा, झूम भरपूर, आणि कोपऱ्यात डोळा लावून बघायची छोटी खिडकी. "उन्हात पडद्यावर काही दिसत नाही ना, तेव्हा यातून बघायचं," त्यानं सांगितलं. बाबांनी तिसराच उचलला.

आम्ही दुकानाच्या पायरीवर आलो. बाबांनी झूम ओढला, भिंग घरघर करत बाहेर आलं आणि मागच्या पडद्यावर समोरच्या बाजूची इमारत चालून आली. बाबा पडदा तोंडाजवळ धरून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आगं, पिंपळ हाय तिथं. भिंतीतनं उगवलाय. पानंबी दिसत्यात." त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. इतके खूश मी त्यांना आई गेल्यानंतर पाहिले नव्हते. त्यांनी दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचल्या, कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय तेही सांगितलं. मग त्या छोट्या खिडकीला डोळा लावला. बाजूला एक लहानशी चकती होती, ती बोटानं फिरवत बसले, बराच वेळ. "हां. आता झ्याक."

"बघू," म्हणून मी कॅमेरा घेतला आणि डोळा लावला. आत नुसतं धुकं. इमारत नाही, पाटी नाही, रंगांचा चिखल. मी दुकानदाराला म्हटलं, "हे बिघडलेलं दिसतंय." तो हसला. "नाही ताई. ही चकती ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे लावायची असते. काकांनी त्यांच्या डोळ्याला लावलीय." त्यानं कॅमेरा हातात घेतला, चकतीकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "शेवटाला नेलीय," तो म्हणाला. "याच्यापुढं फिरत नाही."

मी चकती मागे फिरवली. धुकं सरलं आणि समोर भिंतीतला पिंपळ, पान न् पान स्वच्छ. कॅमेरा बाबांकडे दिला. त्यांनी डोळा लावला आणि वैतागून म्हणाले, "बिघडवलास तू."

मी त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि म्हटलं, "बाबा, समोरचा तो निळा बोर्ड वाचा." बोर्ड मोठा होता, अक्षरं हातभर. बाबांनी समोर पाहिलं, मग थोडं डावीकडे, मग माझ्याकडे.

"कुठला बोर्ड?" ते म्हणाले.

कॅमेरा आम्ही घेतला. येताना स्कूटर मी चालवली आणि बाबा मागे बसले. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. अशा मोतीबिंदूत जवळचं आधी सुधारतं, वाचायचा चष्मा सुटतो, आणि लांबचं जातं. लोकांना वाटतं नजर परत आली. हे ऐकताना मी डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत होते. आम्ही त्याचे पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

ऑपरेशनची तारीख ठरली, एक डोळा आधी, दुसरा नंतर. स्कूटरची किल्ली मी माझ्या कपाटात टाकली. बाबा भांडले नाहीत, आणि मला तेच खटकलं. माझे बाबा वरणात मीठ कमी पडलं तरी भांडतात. ते बाल्कनीत कॅमेरा घेऊन बसू लागले, टेकडी बघत, रस्ता बघत. एकदा म्हणाले, "मी न्हाई आणलं तर पोरीला आणणार कोन? तुझ्या त्या मिटिंगा?" मी म्हटलं, "मी आणीन." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

गुरुवारी दुपारी मीटिंग लांबली. शाळा सुटायच्या वेळेला मी लॅपटॉपचा कॅमेरा बंद करून, माइक बंद करून, चपला घालून तयार होते, आणि बोलणारा माणूस थांबेचना. शेवटी मी लॅपटॉप तसाच टाकून बाहेर आले. बाबा खोलीत नव्हते. बाल्कनीत नव्हते. किल्ली कपाटात होती. मग आठवलं की दुसरी किल्ली असते, प्रत्येक गाडीला असते, आणि ती मी मागितलीच नव्हती. बाल्कनीतून खाली वाकून पाहिलं. पार्किंगमधली स्कूटरची जागा रिकामी.

खुर्चीवर कॅमेरा पडला होता. मी तो उचलला आणि रस्त्याकडे धरला. पडद्यावर नुसते रंग पळत होते. कोपर कठड्यावर टेकवलं, श्वास धरला, झूम पुढे ओढला. डंपर, डंपर, ट्रेलर, पाण्याचा टँकर. आणि पलीकडच्या कडेला बाबा. स्कूटरवर बसलेले, दोन्ही पाय टेकवलेले. मागे माझी मुलगी, पाठीवर दप्तर.

ती मागे बसली नव्हती, उभी होती, पाय ठेवायच्या पट्टीवर. एक हात बाबांच्या डाव्या खांद्यावर आणि एक उजव्या. ती उजवीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. बाबा बघत नव्हते. ते सरळ समोर तोंड करून ऐकत होते. तिनं उजवा खांदा दाबला, बाबांनी ब्रेक दाबला, आणि पडदा भरून एक पिवळा डंपर गेला. तो गेला तेव्हा मी ओरडलेय हे मला माझ्याच आवाजानं कळलं. ती दोघं होती तिथेच होती. मग तिनं दोन्ही खांद्यांवर थाप मारली आणि बाबांनी स्कूटर काढली. मधोमध आल्यावर डावा खांदा. मग परत दोन्ही. कुठे चूक नाही, कुठे गडबड नाही. हे त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. हे रोजचं होतं, कित्येक महिन्यांचं, आणि पोरीनं घरात चकार शब्द काढला नव्हता. एकटे असताना पुढच्या बसची पाठ, आणि ही मागे असताना हिचे हात, असं बाबांचं चाललं होतं. तिचा चेहरा मी पडद्यावर अगदी जवळ आणला. खेळताना दिसतो तसा तो नव्हताच. शिफ्टला निघालेल्या माणसाचा असतो तसा होता.

मी लिफ्टची वाट न बघता जिना उतरले. पार्किंगमध्ये पोचले तेव्हा ती दोघं फाटकातून आत येत होती. "खांब, आजोबा," मुलगी शांतपणे म्हणाली, आणि बाबांनी खांबाला वळसा घालून स्कूटर जागेवर लावली. मग त्यांना माझा आवाज आला, कारण मी रडत होते आणि काय वाटेल ते बोलत होते. मी किल्ली हिसकावून घेतली. मुलीला दंडाला धरून खाली उतरवलं. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आगं, एवढं काय झालं? पोरीची नजर चांगली हाय. आजून एकदाबी चुकली न्हाई ती."

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. "एकदा चुकले होते," ती म्हणाली.